सेवेतील शिक्षकांचे पुढील शिक्षण : शिक्षणशास्त्र, समुपदेशन आणि आरोग्य

उन्हाळ्याची सुट्टी सरत आली आणि विद्यापीठांच्या प्रवेशांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या, म्हणजे केंद्राच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो : ‘पदवी तर झाली, आता पुढे काय करावे?’ विचारणारे बहुधा पाच-दहा वर्षे सेवा झालेले, एखाद्या द्विशिक्षकी शाळेवरील तरुण गुरुजी अथवा बाई असतात. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर घाईने देता येत नाही. कोणी वेतनश्रेणीसाठी विचारतो, कोणी पदोन्नतीसाठी, कोणास वर्गातील एखादे मूल समजत नाही म्हणून काही शिकावयाचे असते. या तिघांस एकच अभ्यासक्रम सुचविणे म्हणजे तिघा रोग्यांस एकच पुडी देण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात शिक्षणशास्त्र, समुपदेशन आणि आरोग्य या तीन क्षेत्रांतील पदव्युत्तर व तत्सम अभ्यासक्रमांचा विचार केला आहे. यांतील जे ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षकास नोकरी सांभाळून अथवा रजा घेऊन करता येण्याजोगे आहे, त्यावर अधिक लिहिले आहे. उरलेल्यांचा केवळ उल्लेख आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे काहींच्या योजनांचा क्रमच बदलेल. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालान्वये, ज्या सेवेतील शिक्षकांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी उरला आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले आहे. ज्यांचा अवधी पाच वर्षांहून कमी आहे त्यांस सेवेत राहता येईल; परंतु ही परीक्षा दिल्यावाचून पदोन्नती मिळणार नाही. ज्यांची ही परीक्षा राहिली असेल त्यांनी प्रथम तिकडे लक्ष द्यावे आणि यासंबंधी पुढे निघणारे आदेश वाचीत राहावे. पदव्युत्तर पदवीची मोठी पोथी हाती असून ही लहान परीक्षा राहून गेली, असे होऊ नये.

आता शिक्षणशास्त्राकडे वळू. प्राथमिक शिक्षकाची मूळ अर्हता म्हणजे पूर्वीची डी.एड., आजची डी.एल.एड. पदविका. तिचे स्थान गेल्या काही वर्षांत उलट बळकटच झाले आहे. कारण इयत्ता पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही अर्हता चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. मग आपल्यासारख्या पदविकाधारकाने बी.एड. कशासाठी करावयाचे? उच्च प्राथमिक व माध्यमिक वर्गांची वाट त्यातून मोकळी होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. पदविकेत आपण कसे शिकवावे हे शिकतो, बी.एड.मध्ये, ते नीट झाले तर, तसेच का शिकवावे हे विचारावयास शिकतो. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात वीस आठवड्यांचा शाळानुभव घातला. नियमित महाविद्यालयात जाऊन हे करणे नोकरदारास अवघड. म्हणून प्रशिक्षित सेवांतर्गत शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड.ची सोय आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) ही आपणांस परिचित अशी दोन नावे. दूरशिक्षण म्हणजे घरी बसून पुस्तके वाचणे, असा एक समज आहे, तो बी.एड.च्या बाबतीत तरी खरा नाही. कार्यशाळांस उपस्थित राहावेच लागते, स्वाध्याय वेळेवर द्यावे लागतात, आणि पाठ घ्यावे लागतात. मी स्वतः दूरशिक्षणाने बी.एड. केले. सुट्टीतील कार्यशाळा आणि घरातील लग्नकार्य एकाच आठवड्यात आल्यावर काय होते, हे मला ठाऊक आहे!

त्यापुढील पायरी एम.एड. हा दोन वर्षांचा, प्रबंधिकेसह होणारा अभ्यासक्रम असून तो महाविद्यालयात उपस्थित राहूनच करावा लागतो. येथे एक तरतूद पुष्कळांच्या ध्यानात नसते. २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. झालेल्यांबरोबरच, डी.एल.एड. आणि कोणतीही पदवी या दोहोंत प्रत्येकी किमान ५० टक्के गुण असणारा उमेदवारही एम.एड.च्या प्रवेशास पात्र धरला आहे. प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठाची व प्रवेश परीक्षेची अट पडताळून पाहावी, हे ओघानेच आले. २०२५ च्या आरंभी परिषदेने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात एक वर्षाचे पूर्णवेळ एम.एड. आणि काम करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचे अंशकालीन एम.एड. सुचविलेले आहे. ही सूचना प्रत्यक्षात उतरली तर आपल्या वर्गासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही. परंतु मसुद्यावर विसंबून कोणत्याही संस्थेत आगाऊ पैसे भरू नयेत.

एम.एड. शक्य नसेल तर एम.ए. (शिक्षणशास्त्र) आहे. हा व्यावसायिक प्रशिक्षणाचा नसून शुद्ध अभ्यासाचा विषय आहे : शिक्षणाचे तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, संशोधनपद्धती. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तो घेता येतो आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तो दूरशिक्षणाने होतो. अध्यापक विद्यालयातील पदांच्या जाहिरातींत एम.एड.च्या जागी तो सर्वत्र चालतोच असे नाही, त्यासोबत बी.एड. असण्याची अट बहुधा असते. ज्यास पदाची निकड नाही, पण विचार करण्याची हौस आहे, त्याने मात्र हा विषय अवश्य घ्यावा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणावरील एम.ए. सुरू केले, तेव्हा तो अभ्यासक्रम काम करीत असलेल्यांसाठीच योजिला होता. थोडे दिवस संस्थेत आणि पुष्कळ दिवस आपल्या जागी, अशी त्याची रचना होती. ती कल्पना फार योग्य होती, असे मला वाटते.

प्रबंधिकेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तेथेच बहुतेकांचा कस लागतो आणि तेथेच बहुतेकजण कमी पडतात. ग्रामीण शिक्षक प्रबंधिकेसाठी विषय शोधावयास तालुक्याच्या ग्रंथालयात जातो आणि दुसऱ्याने दहा वेळा हाताळलेला एखादा विषय, ‘अमुक तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या अभ्याससवयी’ असा, उचलून आणतो. प्रश्नावली छापतो, शंभर मुलांकडून भरून घेतो, टक्केवारी काढतो. या श्रमांतून कोणास काही कळत नाही, त्यास स्वतःसही नाही. वास्तविक त्याच्या टेबलाच्या खणात हजेरीपत्रकांचा ढीग पडलेला असतो. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कितीतरी गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातील मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात. पाडव्याच्या आगेमागे परततात. काही हंगामी वसतिगृहात राहून शिकतात, काही आजीपाशी राहतात. परतलेले मूल कोणत्या महिन्यात, कोणत्या पाठावर अडते? आजीपाशी राहिलेल्या मुलाची हजेरी खरोखर टिकते काय? थोरली बहीण फडावर गेली तर धाकट्याचे काय होते? पाच वर्षांची हजेरीपत्रके आणि प्रगतिपुस्तके शेजारी शेजारी ठेवून याचे उत्तर जो शिक्षक शोधील, त्याची प्रबंधिका मार्गदर्शकास तर आवडेलच. शिवाय गटशिक्षणाधिकारीही ती मागून नेतील. अशी सामग्री विद्यापीठातील प्राध्यापकास मिळविता मिळत नाही, आपल्या हाती ती आयती आहे. मात्र मुलांची नावे प्रबंधिकेत घालू नयेत आणि कार्यालयीन नोंदी वापरण्यास मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी.

पीएच.डी.विषयी दोनच शब्द. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार ती दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन होत नाही. अंशकालीन नोंदणी करता येते, पण नियुक्ती अधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ‘घरबसल्या डॉक्टरेट’ अशी जाहिरात दिसल्यास ती कापून शाळेच्या फलकावर लावावी आणि खाली ‘फसवणुकीचा नमुना’ असे लिहावे.

आता समुपदेशन. हा शब्द अलीकडे इतका सैल वापरला जातो, की कोणत्याही उपदेशास समुपदेशन म्हणण्याची पद्धत पडली आहे. ‘मी त्या मुलाचे चांगले अर्धा तास समुपदेशन केले’, असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनी बहुधा त्यास अर्धा तास रागे भरलेले असते. या शास्त्राचा आरंभ व्यवसाय-मार्गदर्शनातून झाला. अमेरिकेतील बोस्टन नगरात फ्रँक पार्सन्स याने १९०८ मध्ये तरुणांस योग्य उद्योग निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडली. पुढे १९४२ मध्ये कार्ल रॉजर्स याच्या ग्रंथाने त्यास निराळे वळण दिले : सल्ला देणाऱ्याने बोलण्यापेक्षा ऐकावे, आणि समोरच्यास आपली वाट आपण शोधू द्यावी. आपल्या देशात कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव आपल्याच महाराष्ट्राचे जे. पी. नाईक होते, मार्गदर्शनाचे कार्य प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून सुरू व्हावे असे सुचविले. आज त्यास साठ वर्षे होत आली. आपल्या किती शाळांत ते सुरू झाले, हे मी येथे लिहीत नाही. प्रत्येकाने आपली शाळा आठवावी.

सेवेतील शिक्षकास या क्षेत्रात शिरण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका. ती एक वर्षाची आहे. पहिले सहा महिने दूरशिक्षणाने, नंतरचे तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष राहून, आणि अखेरचे तीन महिने आपल्या ठिकाणी प्रात्यक्षिक, अशी तिची विभागणी आहे. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये परिषदेच्या भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतात. तीन महिने भोपाळास राहणे म्हणजे घरची व शाळेची दोन्ही घडी बसवावी लागणार. म्हणून प्रतिनियुक्तीची विनंती पुष्कळ आधी करावी. पदवी नव्हे, पदविका, म्हणून पुष्कळजण तिच्याकडे वळत नाहीत. माझ्या मते ही चूक आहे. शाळेत उपयोगी पडणारे जितके या एका वर्षात शिकविले जाते, तितके पुष्कळ मोठ्या नावाच्या अभ्यासक्रमांत नसते.

मानसशास्त्रातील एम.ए.च्या बाबतीत मात्र एक मोठा बदल झाला असून तो प्रत्येक इच्छुकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. आजवर अनेक शिक्षकांनी ही पदवी दूरशिक्षणाने घेतली. परंतु संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या कक्षेत मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ इत्यादी व्यवसाय आले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणविज्ञान, जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय पोषण व आहारशास्त्र या विषयांचे दूरशिक्षणाने अथवा ऑनलाइन नवे प्रवेश बंद केले. ज्यांचा प्रवेश त्यापूर्वी झाला आहे त्यांनी चिंता करण्याचे कारण नाही. परंतु या सत्रानंतरही जी संस्था ‘मानसशास्त्राचे एम.ए., घरी बसून, परीक्षाही घरीच’ असे सांगते, तिच्यापासून दूर राहावे. यापुढे ही पदवी नियमित विद्यार्थी होऊनच मिळेल, म्हणजे दोन वर्षांची रजा, अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी बदली आणि सकाळचे महाविद्यालय.

या बाबतीत एका भगिनीची हकिकत सांगावीशी वाटते. तिचे वा संस्थेचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. शहरातील एका खासगी अभ्यासकेंद्राने तिला समुपदेशनाची ‘आंतरराष्ट्रीय’ पदव्युत्तर पदवी एका वर्षात मिळेल असे सांगितले. तिने पतपेढीचे कर्ज काढून शुल्क भरले. प्रमाणपत्र आले; त्यावर सोनेरी शिक्काही होता. सेवापुस्तकात नोंद घेण्यासाठी तिने ते सादर केले, तेव्हा कार्यालयाने मान्यतेचा पुरावा मागितला आणि तो कोठेच नव्हता. कर्जाचे हप्ते पुढे दोन वर्षे चालले. ती मला म्हणाली, ‘साहेब, पैशाचे काही नाही, पण मी गावात पेढे वाटले होते हो.’ हे वाक्य मी विसरू शकलो नाही.

यासाठी प्रवेश घेण्यापूर्वीची पडताळणी कशी करावी ते येथेच सांगतो. दूरशिक्षणाच्या प्रत्येक अभ्यासक्रमास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता लागते, आणि ती विद्यापीठास एकदाच सरसकट मिळत नसून अभ्यासक्रमागणिक व कालावधीपुरती मिळते. म्हणून ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही; ‘हा अभ्यासक्रम, या सत्रासाठी, आपल्या राज्यात मान्य आहे काय?’ असे विचारावे आणि मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास मंडळाचा स्वतंत्र ओळख क्रमांक काढावा लागतो. जी संस्था हा क्रमांक न मागता पैसे घेते, तिचा हेतू ओळखण्यास अधिक पुरावा नको. शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमास याशिवाय राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, आणि विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते.

पुनर्वास परिषदेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मानसशास्त्रात एम.ए. झाल्याने कोणी ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ होत नाही. त्या नावाने काम करण्यासाठी १९९२ च्या कायद्याने स्थापिलेल्या या परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असावे लागते, आणि त्यासाठी निराळे, रुग्णालयातील प्रशिक्षण लागते. शिक्षकाने समुपदेशनाची कितीही मोठी पदवी घेतली, तरी रोगनिदान करणे हे त्याचे काम नव्हे. त्याने ऐकावे, धीर द्यावा, लक्षणे ओळखावी आणि योग्य ठिकाणी पाठवावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. तो क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीत लावण्यास पदवी लागत नाही.

समुपदेशन शिकणाऱ्यास गुप्ततेचा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवितात. मूल जे सांगेल ते दुसऱ्यास सांगू नये. हा नियम खरा. परंतु त्यास सीमा आहे, आणि ती आपण अभ्यासक्रमास गेलो न गेलो तरी जाणली पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांस कळविण्याचे बंधन आहे. न कळविणे हाच गुन्हा ठरतो. एखाद्या मुलीने ‘बाई, कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारले, तर ‘नाही सांगणार’ असे वचन देऊ नये. ‘तुला सांभाळण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला कळवीन’, असे म्हणावे. हे वाक्य उच्चारणे कठीण असते. प्रशिक्षणात ते समोरासमोर बसून, पुन्हापुन्हा म्हणवून घेतात, आणि मला वाटते प्रत्यक्ष वर्गाचा खरा लाभ येथे आहे. हे पुस्तकातून येत नाही.

विशेष शिक्षणाकडे आपले लक्ष कमी जाते. वास्तविक दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या आणि ही मुले आपल्याच शाळांत शिकावीत असे धोरण आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण केंद्र शासनाने ठरविले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये या नेमणुकांविषयी राज्यांस आदेश दिले. म्हणजे मागणी आहे. विशेष शिक्षणातील बी.एड. एकेका दिव्यांगतेनुसार असते : श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता इत्यादी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे श्रवणदोषाच्या शिक्षणातील बी.एड. व एम.एड. शिकविले जाते.

या संस्थेचे नाव घेताना मला दरवेळी एक मुलगा आठवतो. १९८६ साली माझ्या दुसरीच्या वर्गात तो होता. प्रश्न विचारला की नुसता पाहत राही. श्रुतलेखनात एकही शब्द बरोबर नसे. मी त्यास ‘मठ्ठ’ ठरविले आणि हुशार मुलांचा अभ्यास मागे पडू नये म्हणून शेवटच्या ओळीत बसविले. तेथे तो दोन वर्षे बसला. त्याचा कान फुटून वाहत असे, हे मला दिसत होते. आई कानात कोमट तेल घाली, हेही ठाऊक होते. पण कान वाहणे आणि श्रुतलेखन चुकणे यांचा संबंध मी लावला नाही. आरोग्य केंद्राचे डॉक्टर लसीकरणासाठी आले असता त्यांनी मुलाच्या पाठीमागे उभे राहून टाळी वाजविली, आणि तो वळला नाही. पदविकेत मला बालमानसशास्त्रात प्रथम श्रेणीचे गुण होते. मागील ओळीतून त्यास माझा आवाज पोहोचतच नव्हता, आणि तेथे त्यास मीच बसविले होते.

आरोग्यक्षेत्रातील अभ्यासक्रमांचा विचार मी या प्रसंगापासून करतो. परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार हे व्यवसाय शिक्षकास मध्येच उचलण्याजोगे नाहीत. त्यांस बारावीला विज्ञान, पूर्णवेळ उपस्थिती आणि रुग्णालयातील काम लागते, व ते दूरशिक्षणाने कधीही होत नाहीत. उरतात दोन मार्ग. पहिला समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीचा. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास ती दोन वर्षांत घेता येते आणि तिच्यात वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य अशी शाखा असते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संस्थेने हे शिक्षण आपल्या देशात सुरू केले, आणि १९८६ पासून तुळजापुरातही तिचा परिसर आहे. मराठवाड्यातील शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. दुसरा मार्ग सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीचा. ती केवळ डॉक्टरांसाठी आहे हा समज बरोबर नाही. अनेक संस्थांत इतर शाखांच्या पदवीधरांसही प्रवेश आहे. साथरोगशास्त्र, आरोग्याची सांख्यिकी, पोषण, पर्यावरण, आरोग्यव्यवस्था हे तिचे विषय. रोग एका माणसास का झाला यापेक्षा एका वस्तीतच का झाला, हे ती विचारते.

हे विषय ऐकून परके वाटतात. पण आपल्या दप्तरात पाहावे. मुलांची उंची-वजने आपण नोंदवितो. पोषण आहाराची नोंदवही आपल्याकडे असते आणि प्राथमिकच्या मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आपणच सांभाळतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुले तपासते. २०२० मध्ये आरंभिलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करावयाचे असून आठवड्यास एक तास त्यासाठी राखावयाचा आहे. दोन वर्षांची रजा काढण्यापूर्वी ज्यास या विषयाची गोडी आहे त्याने प्रथम हे आरोग्यदूताचे काम मागून घ्यावे. एक वर्ष ते मनापासून केल्यावर ओढ टिकली, तर पुढे जावे. न टिकली तरी शाळेचे नुकसान झालेले नसते. पथक येण्याच्या आदल्या दिवशी मागील ओळीतील मुलांची यादी करून ठेवावी आणि त्यांचे कान व डोळे प्रथम पाहण्याची विनंती करावी.

रजेविषयी आणि परवानगीविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती हक्क म्हणून मिळत नाही, आणि घेतल्यास परतून ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. नोकरी सांभाळून करावयाच्या अभ्यासक्रमासही प्रवेशापूर्वी परवानगी घ्यावी. पुष्कळजण आधी प्रवेश घेतात, परीक्षा देतात आणि पदवी हाती आल्यावर कार्यालयात जातात. मग सेवापुस्तकात नोंद घेण्यात अडचण येते, आणि दोष लिपिकास दिला जातो. अर्ज मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांच्यामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तेथून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातो. प्रवेशाच्या अंतिम दिनांकापूर्वी दोन-तीन महिने तो निघालेला असावा. अर्जात विद्यापीठ, अभ्यासक्रम, कालावधी, कार्यशाळांचे व परीक्षांचे संभाव्य दिनांक, आणि त्या दिवसांत आपले वर्ग कोण सांभाळील हे स्पष्ट लिहावे. द्विशिक्षकी शाळेत हा अखेरचा मुद्दा सहकाऱ्याशी बोलूनच लिहावा, त्यास न विचारता नव्हे. सोबत अभ्यासक्रमाच्या मान्यतेच्या पानाची छापील प्रत जोडावी, एक प्रत स्वतःपाशी ठेवावी, आणि कार्यालयातून निघण्यापूर्वी पोचपावतीवर आवक क्रमांक व दिनांक घातला आहे ना, हे पाहून घ्यावे.